ढगाळ किनाऱ्यावर ऑलिम्पस टीजी-६

आभाळ भरून आलं की गुहागर-तारकर्लीला कॅमेरा बॅगेतच राहतो, भीती पाण्याची. ऑलिम्पस टीजी-६ हा कॅमेरा १५ मीटर खोलीपर्यंत पाणी झेलतो, त्यामुळे पावसाची सर आली तरी काम थांबत नाही. फक्त बॅटरीच्या झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरतं. झाकण किनाऱ्यावर उघडूच नका, आणि दोन्ही कुलपं लागलीत ना ते बघा. परतल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर खारामुळे बटणं अडकतात.

वाइड टोकाला, म्हणजे झूम न करता, लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ/२ इतकं मोठं असतं, ते ढगाळ उजेडात कामाला येतं. पूर्ण झूम केलं की ते एफ/४.९ इतकं लहान होतं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढतो आणि लहान सेन्सरमुळे ८०० च्या पुढे फोटोत रवा, म्हणजे दाणेदारपणा, दिसू लागतो. म्हणून झूम टाळून चार पावलं पुढं जा.

व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) 'क्लाउडी'वर ठेवा, नाहीतर माणसं निळसर दिसतात. वाळू मळकट आली तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ करा. पण पांढरं आभाळ फ्रेममध्ये असेल तर उलट −०.३ करून रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. एकदा जळलेलं, म्हणजे पार पांढरं पडलेलं, आभाळ परत येत नाही. त्यापेक्षा आभाळ फ्रेमबाहेर ठेवून ओल्या वाळूतलं प्रतिबिंब घ्या. लाटांच्या लाँग एक्स्पोजरसाठी (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढायच्या फोटोंसाठी) मात्र हा कॅमेरा घेऊ नका.