लहान हातांसाठी जवळ-लांब होणारे लिव्हर आणि बारीक ग्रिप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोटारसायकल केबल क्लचची, पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, हँडलचा पाइप नेहमीचा २२ मिमीचा. बदललेल्या वस्तू तीनच : सहा टप्प्यांत जवळ-लांब करता येणारे पूर्ण लांबीचे दोन्ही लिव्हर, बारीक ग्रिप (हँडलच्या मुठीचं रबर) आणि नवी क्लच केबल. ब्रेकचा फायदा पहिल्या दिवसापासून जाणवला. क्लच मात्र लिव्हर बसवल्या बसवल्या आधीपेक्षा वाईट वागायला लागला, आणि दोष लिव्हरचा नव्हता.

खरेदीआधी अंतर बघा. मूठ ग्रिपवर पूर्ण धरून तर्जनी आणि मधलं बोट लिव्हरवर टाकलं, की लिव्हर बोटाच्या टोकाकडून पहिल्या सांध्यापर्यंत आला पाहिजे. नुसती बोटांची टोकंच पोचत असतील तर तळहात नकळत पुढे सरकतो, मूठ सैल पडते आणि उजवीकडे ब्रेक दाबताना थ्रॉटलही (अॅक्सिलरेटरची मूठ) थोडा फिरतो. हळू वेगात गाडी हिसके देते ती बऱ्याचदा यामुळेच.

एकही पार्ट न घेता होणारं काम आधी करून घ्यावं. दोन्ही लिव्हरचे क्लॅम्प (हँडलला धरून ठेवणारे पट्टे) सैल करून लिव्हर एवढे खाली फिरवा, की बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यावी. मग क्लॅम्प हँडलच्या मध्याकडे १० ते १५ मिमी सरकवा. बोटं लिव्हरच्या टोकाकडे येतात, तरफ लांब मिळते आणि तोच क्लच हलका वाटतो. आखूड बोटांना हा बदल सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि नेमका तोच कुणी करत नाही. अडचण स्विचच्या डबीची येते : बऱ्याच गाड्यांत तिच्या आतली छोटी पिन हँडलच्या भोकात बसते, त्यामुळे डबी सरकत नाही. क्लॅम्प तिला अडेपर्यंतच सरकवा. ब्रेकच्या क्लॅम्पवर बाण किंवा खूण असेल तर ती वर ठेवून आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळायचा, मग खालचा.

आता क्लच. लिव्हरवरचा टप्पे बदलण्याचा डायल फिरवून लिव्हर जवळ आणला की केबलची ढिलाई (क्लच ओढायला लागण्याआधीची मोकळी चाल) तेवढीच राहते, पण लिव्हर ग्रिपला टेकेपर्यंतची चाल कमी होते. सर्वात जवळच्या टप्प्यावर लिव्हर ग्रिपला टेकतो तरी क्लचच्या प्लेट एकमेकींपासून पूर्ण सुटलेल्या नसतात. लक्षणं स्पष्ट असतात : थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, पहिला गियर टाकताना खाडकन आवाज येतो, लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. लिव्हर एक टप्पा बाहेर घ्या. आणि लिव्हरच्या टोकाशी मोजलेली ढिलाई मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला आणा. पुष्कळ गाड्यांत ती मर्यादा १० ते २० मिमी असते, तिथे १० ठेवा. शून्यावर कधीच नेऊ नका. क्लच घसरतो आणि प्लेट जळतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही ढिलाई तपासा, कारण वळवल्यावर केबल ताणली जाऊ शकते.

क्लच हलका करण्यासाठी इंजिनाकडचा, केबल ओढते तो आर्म लांब करून देतात. ताकद कमी लागते, पण त्याच प्रमाणात प्लेट सुटण्याची चालही घटते. लिव्हर आधीच जवळ आणलेला असताना चाल वाया घालवणं परवडत नाही. वंगण घातलेली, कुठेही तीव्र वाकण नसलेली नवी केबल जास्त फरक पाडते.

आखूड लिव्हर मुद्दाम टाळले. त्यांचा एक गुण खरा आहे : दोन बोटांनी ओढताना अनामिका आणि करंगळी मध्ये चेंगरत नाहीत. पण तरफ आखूड झाल्याने क्लच जड होतो. ज्यांच्या हातात ताकद कमी आहे त्यांनी लांब लिव्हर घेऊन क्लच चारही बोटांनी ओढावा.

ब्रेकमध्ये एक गोष्ट जिवावर बेतू शकते. नवा लिव्हर मोकळा असताना मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) पिस्टन किंचितही दाबत असेल, तर ऑइल परत टाकीत जाण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप धरायला लागतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर लिव्हरला अगदी थोडी मोकळी हालचाल आहे ना, ते बघा. चाक उचलून हाताने फिरवा. दहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा फिरवा. ब्रेकचा दिवा लिव्हर दाबल्यावर लागतो आणि सोडल्यावर विझतो, हेही पाहा. लिव्हर जोरात दाबल्यावर ग्रिपजवळ येत असेल तर तो आणखी जवळ घेऊ नका, आधी ब्रेक ऑइलमधली हवा काढून घ्या.

ग्रिप ३४ मिमीवरून २९ वर आल्या. व्यास ५ मिमीने घटला, म्हणजे लिव्हरला अडीच मिमी जास्त चाल मिळाली. क्लच पूर्ण सुटायला तेवढी पुरली. डाव्या-उजव्या ग्रिपचं भोक वेगळं असतं, उजवी थ्रॉटलच्या नळीवर बसते म्हणून मोठी. ती स्विचच्या डबीला चिकटवू नका, १ ते २ मिमी फट ठेवा, नाहीतर थ्रॉटल परत येत नाही. तोटा एवढाच, की रबर पातळ असल्याने लांबच्या प्रवासात कंप जास्त जाणवतो. जाड तळव्याचे हातमोजे घातले तर बारीक ग्रिपचा सगळा फायदा जातो.

आठ महिन्यांनंतर ब्रेकच्या लिव्हरमध्ये काहीच सैल झालेलं नाही. क्लचच्या लिव्हरला वर-खाली हलकं खेळणं आलं आहे. पिव्हटला (लिव्हर फिरतो त्या बोल्टच्या जागी) बुश, म्हणजे झीज झेलणारी नळी, नाही, बोल्ट थेट अॅल्युमिनियमवर घासतो. तो आवळून खेळणं घालवता येत नाही, लिव्हर अडकायला लागतो. केबलच्या टोकाचा धातूचा गोळाही लिव्हरच्या खाचेत सहज फिरत नव्हता, आणि पाचव्या महिन्यात त्याच्या मुळाशी दोन तारा तुटलेल्या दिसल्या. केबल बदलली, खाच बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून ग्रीस लावलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा लिव्हर काढून तिथली तार बघितली जाते.