मिथायलेशनची कॅप्सूल घेऊन बघितली: होमोसिस्टीन उतरलं पण झोप उडाली

५ पैकी २ स्टार देतेय, आणि ते दोन पण कशाचे ते पुढे येईलच. मिथायलेशन म्हणजे शरीरात मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट एकीकडून दुसरीकडे जोडण्याचं काम, त्याला मदत म्हणून या कॅप्सूल विकतात. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण असल्या बाटल्या ढिगाने मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो. माझ्यावाल्या एका कॅप्सूलमध्ये मिथाइलफोलेट (फोलेट म्हणजे बी ९, त्याचं शरीर थेट वापरतं ते रूप; गोळ्यांतलं साधं रूप ते फॉलिक ॲसिड) १००० मायक्रोग्रॅम, मिथाइलकोबालामिन (बी १२ चा एक प्रकार) १००० मायक्रोग्रॅम, बी ६ (पी-५-पी वालं) २५ मिलिग्रॅम, रायबोफ्लेविन आणि टीएमजी म्हणजे बीटेन ५०० मिलिग्रॅम असं सगळं कोंबलेलं होतं. इम्पोर्टेड, त्यामुळे किंमत पण तशीच, एका बाटलीत आमच्या घरचा महिन्याचा किराणा निम्मा तरी आला असता.

तर झालं असं की हातापायाला मुंग्या येत होत्या, थकवा होता, रिपोर्ट काढले तर बी १२ आलं १३८ आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो ॲसिड, बी १२ किंवा फोलेट कमी पडलं की चढतं) ३१, जे साधारण १५ च्या आत असायला हवं. आम्ही पक्के शाकाहारी, अंडं पण नाही, दूध म्हणाल तर चहात पडतं तेवढंच. न्यू जर्सीतला मामेभाऊ म्हणाला, ताई, तू एमटीएचएफआर बघ आधी, इकडे सगळे तेच करतायत. एमटीएचएफआर म्हणजे फोलेट वापरात आणायला लागणारा जीन. मग तो जीनचा रिपोर्ट पण काढला आणि त्यात निघालं सी६७७टी, म्हणजे त्या जीनमधला एक बदल, तो पण आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही कॉपींत. झालं, त्याने लगेच फर्मान काढलं की साधं फॉलिक ॲसिड तुला विष आहे, तुला मिथाइलवालंच पाहिजे, आणि सुट्टीवर येताना बाटली घेऊनच आला.

पहिले काही दिवस, खोटं कशाला बोलू, भारी वाटलं. दुपारची ती जी डोळ्यांवर झापड यायची ती गेली, माळा आवरला, जुने कपडे वाटून टाकले, नवरा म्हणाला ही कुठली गोळी आहे मला पण दे. लघवी एकदम पिवळीजर्द होते ती रायबोफ्लेविनमुळे, त्याने घाबरू नका, त्यात काही नाही.

आणि मग हळूहळू रात्री बिघडायला लागल्या. झोप लागायची पण दोन-अडीचला खाडकन डोळे उघडायचे आणि डोकं असं चालू की बास, उद्याचा डबा, लेकीची फी, सोसायटीची मीटिंग, पंधरा वर्षांपूर्वी जाऊबाई काय बोलल्या होत्या ते सुद्धा. छातीत धडधड. सकाळी जबडा दुखायचा, म्हणजे रात्रभर दात आवळून झोपत असणार. चिडचिड इतकी की भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडले, जे मी कधी करत नाही. आणि चाळिशी उलटल्यावर हनुवटीवर पिंपल्स! ते बी १२ चे असतात म्हणे, मोठ्या डोसने काही जणांना येतात, आमच्या इथल्या स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं की बी १२ चालू आहे का.

मामेभावाला सांगितलं तर त्याच्याकडे उत्तर तयार, हे ओव्हरमिथायलेशन आहे, नायसिन (बी ३) घे ५० मिलिग्रॅम. यामागचं लॉजिक असं की शरीर नायसिनची विल्हेवाट लावताना मिथाइल ग्रुप खर्च करतं, म्हणजे जास्तीचे तिकडे जातील. ऐकायला छान आहे, पण ओव्हरमिथायलेशन नावाचं निदान कुठला डॉक्टर लिहून देत नाही, आणि एका गोळीचा त्रास जावा म्हणून दुसरी, मग तिने अंग लालेलाल होऊन खाजतं त्यासाठी तिसरी, हा उद्योग मी केला नाही. कॅप्सूल बंद केली. त्याच आठवड्यात झोप रुळावर आली, पिंपल्सना मात्र बराच वेळ लागला.

आता माझी खरी तक्रार काय ते सांगते. पाच गोष्टी एकाच कॅप्सूलमध्ये असल्या की त्रास कशाचा हे कळायला मार्गच नाही. मला स्वतःला संशय मिथाइलफोलेटचा आहे. अमेरिकेत डिप्रेशनच्या गोळीला जोड म्हणून हेच १५ मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे मेंदूवर काहीतरी परिणाम होतो म्हणूनच देत असतील ना? माझा डोस त्यापेक्षा खूप कमी होता हे मान्य, त्यामुळे हा फक्त संशयच. ज्यांना बायपोलर वगैरे आहे किंवा त्याची औषधं चालू आहेत त्यांनी तर सायकियाट्रिस्टला विचारल्याशिवाय याला हात पण लावू नका. बी ६ ची गंमत अजून वेगळी, मोठा डोस बरेच महिने घेतला तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात. म्हणजे ज्या मुंग्या जाव्यात म्हणून बाटली आणली त्याच मुंग्या बाटलीतून! लोक तीन-तीन सप्लिमेंट घेतात आणि प्रत्येकात बी ६ असतं, बेरीज कोणीच करत नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी जीनचा रिपोर्ट बघून बाजूलाच ठेवला. म्हणाले हा प्रकार भरपूर लोकांत सापडतो, तुमचं होमोसिस्टीन चढलंय ते बी १२ नाही म्हणून. घरी येऊन मी वाचलं तर अमेरिकेतली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी पण हेच म्हणते की एमटीएचएफआरचा फरक असलेल्यांचं शरीर साधं फॉलिक ॲसिड वापरू शकतं, दोन्ही कॉपीवाल्यांचं रक्तातलं फोलेट सरासरी १६ टक्क्यांच्या आसपासच कमी भरतं. आणि गरोदरपणात बाळाच्या मणक्यातला दोष टाळायला पुरावा आहे तो साध्या फॉलिक ॲसिडचाच, मिथाइलवाल्याचा नाही. त्यामुळे लग्न झालेल्या भाच्या-पुतण्यांनो, मामेभावाचं ऐकून ती गोळी बदलू नका.

आपल्याकडे प्रश्न मुळात बी १२ चा आहे. पुण्यात केईएमच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने पुरुष तपासले होते, २००६ मध्ये छापून आलं, त्यात ६७ टक्के लोकांचं बी १२ कमी निघालं. आणि २००८ मध्ये त्यांनीच दाखवलं की ज्या आयांचं गरोदरपणात फोलेट जास्त आणि बी १२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) जास्त होता. बी १२ कमी असताना नुसतं फोलेट वाढवत बसलं की रक्ताचे रिपोर्ट सुधारलेले दिसतात आणि नसांचं नुकसान गुपचूप चालू राहतं, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं.

मग दोन स्टार कशाचे? एक, बंद केल्यावर टेस्ट केली तेव्हा होमोसिस्टीन १३ आलं होतं, म्हणजे काम केलं. पण होमोसिस्टीन उतरलं म्हणजे हार्ट ॲटॅकचा धोका टळला असं नाही, त्यावर मोठे ट्रायल झालेत आणि बी व्हिटॅमिन्सनी ॲटॅक काही कमी झाले नाहीत. दुसरा स्टार, लेबलवर प्रत्येक गोष्टीचं प्रमाण वेगवेगळं लिहिलं होतं, कित्येक जण नुसतं ब्लेंड लिहून मोकळे होतात.

सध्या मेडिकलमधली साधी मिथाइलकोबालामिनची गोळी घेतेय, नुसती, डॉक्टरांनी लिहून दिलेली, काही त्रास नाही आणि मुंग्या पण बऱ्याच कमी आहेत. इथे पण एक बघा. सासूबाईंना शुगर आहे, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, त्याने बी १२ अजून उतरतं, म्हणून त्यांना पण गोळी आहे. एकदा माझी संपली तर म्हणाल्या, अगं माझी घे की, तीच आहे. स्ट्रिप उलटी करून बघितली तर मिथाइलकोबालामिनच्या जोडीला प्रीगॅबालिन ७५! ते नसांच्या दुखण्याचं औषध आहे, गुंगी येते, चक्कर येते, मी ती घेऊन स्कूटी काढली असती तर कल्याणच होतं.

ज्यांना टेस्ट करायची आहे त्यांनी बी १२ आणि होमोसिस्टीन दोन्ही गोळी सुरू करायच्या आधी करा, गोळी चालू झाली की बी १२ चा आकडा फुगलेला येतो आणि मग काही अर्थ लागत नाही. होमोसिस्टीनसाठी शक्यतो लॅबमध्ये जाऊन रक्त द्या, उपाशीपोटी. घरी येऊन सॅम्पल नेतात तेव्हा विचारा की बर्फात ठेवणार का, कारण रक्त तसंच बाहेर राहिलं की पेशींतून होमोसिस्टीन येत राहतं आणि आकडा उगाच चढतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बाइकच्या डिकीतून तासभर फिरलेल्या सॅम्पलवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.