गॅलरीतलं गांधीलमाश्यांचं पोळं: पुण्यात मिळणाऱ्या सेवेचं परीक्षण

पेस्ट कंट्रोलच्या जाहिरातीत 'यलो जॅकेट' हा शब्द दिसला, की समजावं, मजकूर अमेरिकेतून जसाच्या तसा उचललाय. यलो जॅकेट म्हणजे व्हेस्पुला प्रजातीतली गांधीलमाशी. युरोप-अमेरिकेत ती उंदराच्या जुन्या बिळात किंवा भिंतीच्या पोकळीत कागदी आवरणाचं पोळं करते आणि उन्हाळा सरेपर्यंत एकेका पोळ्यात हजारोंनी माश्या होतात. भारतात ती हिमालयाच्या पट्ट्यात आढळते, कोथरूडच्या गॅलरीत नाही. शब्द चुकला म्हणजे काम चुकेलच असं नाही. पण आलेल्या माणसाला आपण काय मारायला आलोय हे ठाऊक आहे का, ही शंका इथेच घ्यावी. या सेवेत फवारा मारणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे मोजायचे ते माशी नेमकी ओळखण्याचे आणि दुसऱ्या फेरीचे.

पुण्यात ग्रिलला, खिडकीच्या छज्जाखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा मीटरच्या पेटीत दिसतं ते बहुतेक वेळा रोपालिडिया किंवा पोलिस्टिस या गांधीलमाश्यांचं. राखाडी, कागदासारखं, एका बारीक देठावर लोंबणारं. वर आवरण नसतं, कप्पे उघडे दिसतात. आकार तळहाताएवढा आणि माश्या काही डझन. लाकूड चावून लाळेत मळलेला तो खरोखरचा कागद असतो. देठाला मुंग्या दूर ठेवणारा स्राव फासलेला असतो.

व्हेस्पा प्रजातीतल्या मोठ्या गांधीलमाश्यांची गोष्ट वेगळी. काळी, पोटावर एकच रुंद पिवळा-केशरी पट्टा असलेली ती व्हेस्पा ट्रॉपिका. तांबूस तपकिरी अंगाची, तोंडावर आणि पोटावर पिवळी ती व्हेस्पा ओरिएंटॅलिस. या झाडाच्या ढोलीत, जमिनीतल्या बिळात किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत राहतात. पोळं दिसत नाही, दिसतं फक्त एक भोक आणि त्यातून चाललेली ये-जा. यलो जॅकेट काढण्याची जी रीत आहे, तीच इथे लागू पडते. सेवेचा खरा कस लागतो तोही इथेच.

भिंतीवर चिखलाचे गोळे थापलेले असतील तर ती कुंभारीण माशी. एकटी राहते, घरटं राखायला अंगावर येत नाही. जुन्या पटाशीने खरवडून टाकलं की काम झालं. याचे वेगळे पैसे सांगणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्यावा.

आता मधमाशी. वॉचमनपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे सरसकट 'माश्यांचं पोळं' म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बाणेर, हिंजवडी, खराडीच्या उंच इमारतींना टाक्यांखाली आणि छज्जांना लटकतं ते आग्या मोहोळ. एकच उघडं पोळं, कधी मीटरभर रुंद, आणि हात जवळ गेला की माश्यांच्या थरावरून सर्रकन लाट जाते. हे विष मारून उतरवण्याचं काम नाही. विषारी मध खाली ठिबकतो, तो लुटायला दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येतात आणि त्याही मरतात. आग्या पेटीत राहत नाही, पण जाणकार माणूस धुरी देऊन तिला हुसकू शकतो. शिवाय ही माशी हंगाम संपला की स्वतःच स्थलांतर करते, त्यामुळे पोळं माणसांच्या वावरापासून दूर असेल तर थांबणं हाही मार्ग आहे. पोकळीत राहणारी सातेरी मधमाशी पेटीत भरून हलवता येते. पुण्यात गणेशखिंड रस्त्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधपाळ शोधायची सुरुवात तिथे विचारून करावी. मधमाशीचा फोटो पाहूनही 'मारून देतो' म्हणणारी सेवा आमच्या लेखी नापास.

तर गांधीलमाशीसाठी पुण्यात कोण कोण येतं?

मोबाईल अ‍ॅपवरून किंवा फोनवर मिळणारी झुरळ-ढेकूणवाली सेवा सर्वात चटकन येते. एक माणूस, पाठीवर पंप, आणि टाकीत बहुतेक झुरळांसाठीचंच द्रावण. उघड्या, हाताच्या टप्प्यातल्या छोट्या पोळ्याला ते पुरतं. पाचात साडेतीन. पण भिंतीतल्या पोकळीसाठी हीच सेवा पाचात एक. कारण सोपं आहे. पोळं भोकापासून फूट-दोन फूट आत, वळणावर असतं. द्रव तोंडाशीच भिजतो आणि आतली वसाहत चिडते, पण मरत नाही. त्यावर कुणी उत्साहाने भोक सिमेंटने बुजवलं की संपलंच. आतल्या माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती स्विचबोर्डातून किंवा फॉल्स सीलिंगच्या फटीतून थेट हॉलमध्ये निघते.

परवाना असलेल्या, आधी पाहणी करणाऱ्या स्थानिक फर्म्स संथ असतात. आज फोन केला तर परवा येतात. तरी पोकळीतल्या पोळ्यासाठी आमची पसंती यांनाच. अशा फर्मचा माणूस आधी लांबून काढलेला फोटो आणि भोकाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागतो. मिनिटाला किती माश्या आत-बाहेर करतात, यावरून वसाहतीचा अंदाज बांधतो. कीटकनाशकाची भुकटी आणतो, द्रव नाही. संध्याकाळी येतो, कारण दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात आणि परत आल्यावर आपलं दार बदललेलं पाहून खवळतात.

सातव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला दोरीवाले लागतात. त्यांचं कौशल्य उंचीचं, किड्याचं नाही. हार्नेस, दोन वेगवेगळ्या जागी बांधलेले दोर आणि गच्चीवर उभा एक माणूस, यातलं काही कमी असेल तर काम थांबवावं. माशी चावली की माणूस झटका देतो, आणि दोरीवर झटका म्हणजे काय ते सांगायला नको.

मधावर पोळं काढून देणारे लोक गांधीलमाशीला हात लावत नाहीत. त्यात मध नसतो.

प्रत्यक्ष काम कसं झालं पाहिजे, हे माहीत असलं की उभं राहून तपासता येतं. पोकळीसाठी सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास थांबायचं. अंगात जाळीचा टोप असलेला पूर्ण सूट, चामड्याचे हातमोजे, गमबूट, आणि मनगट-घोट्याशी चिकटपट्टी. बॅटरीवर लाल कागद. लाल रंग या माश्यांना नीट दिसत नाही, पांढऱ्या उजेडावर मात्र त्या झेपावतात. म्हणून बॅटरी हातात न धरता बाजूला जमिनीवर ठेवायची. हातपंपाच्या डस्टरने चमचा-दोन चमचे कोरडी भुकटी भोकात फुंकायची आणि बाजूला व्हायचं. भोक उघडंच ठेवायचं, हा सगळा कामाचा कणा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या माश्याच पायांना-अंगाला लागलेली भुकटी आत नेतात. २४ ते ४८ तासांत ये-जा थांबायला हवी. थांबली नाही तर पुन्हा भुकटी. पूर्ण थांबल्यावरच पोळं हाताला लागत असेल तर काढायचं आणि भोक बंद करायचं.

उघड्या पोळ्याला रात्रीचा आग्रह धरू नये. अंधारात शिडीवर चढणं हे माशीच्या डंखापेक्षा जास्त धोक्याचं. पहाटे, ऊन पडण्यापूर्वी, माश्या पोळ्यावर गारठून बसलेल्या असतात, ती वेळ बरी. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत तर फारच. चार-पाच माश्यांचं नवं पोळं असेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्याचं लिक्विड घालून मारलेला फवाराही चालतो. साबणामुळे पाणी अंगाला चिकटतं आणि श्वासाची छिद्रं बुजतात. विजेच्या पेटीत अर्थातच नाही. रॉकेल-पेट्रोल आणि पेटता बोळा तर कुठेच नाही.

लोक फसतात ते नंतर. फवारल्यावर माश्या पडल्या, माणूस पैसे घेऊन गेला, पोळं तिथेच लटकत राहिलं. झाकलेल्या कप्प्यांतल्या कोषांपर्यंत औषध पोचत नाही, त्यातून पुढच्या दिवसांत नव्या माश्या निघतात. म्हणून पोळं देठासकट खरवडून, दुहेरी पिशवीत बांधून त्याच माणसाने घेऊन जायला हवं. घरोघरचा कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंच्या ओल्या कचऱ्यात ते टाकणं म्हणजे त्यांच्या हातात विष देणं. पोळं काढल्यावरही चरायला गेलेल्या माश्या दोन-तीन दिवस रिकाम्या जागेवर येऊन घोटाळतात. हे अपयश नाही. पण आठवड्याने तिथेच नवा देठ दिसला तर आहे, आणि त्यासाठीची फेरी मूळ पैशात धरलेली असावी. हे आधी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. झुरळांचा वार्षिक करार आहे म्हणून हे त्यात आलं असं समजू नका, बहुतेक करारांत गांधीलमाशी नसते. बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल, तोही भाव ठरवतानाच विचारावा.

औषधाबद्दल. व्यावसायिक फवारणीला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो, त्याची प्रत मागायला संकोच नको. डबा पाहायला मागा. लेबलवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा उतरत्या विषारीपणाने असतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉईड गटातली नावं दिसली तर ठीक. डायक्लोरव्हॉस दिसलं तर दार दाखवा, त्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. पायरेथ्रॉईड पाण्यातल्या माशांना फार घातक, म्हणून फिशटँक झाकून हवेचा पंप बंद करावा. परमेथ्रिन असेल तर मांजर त्या खोलीपासून लांब. बिनलेबलच्या बाटलीतून 'हर्बल' म्हणून काही ओतणाऱ्याला काहीच गुण नाहीत.

गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी अडकून राहत नाही, एकच माशी अनेकदा डंख मारते. चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर थेट १०८. खूप डंख बसले असतील आणि लघवी गडद होऊ लागली असेल, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालय गाठावं. स्नायू आणि मूत्रपिंडावर परिणाम होत असल्याची ती खूण असते.

एक उलटा मुद्दाही आहे. वावरापासून दूर, छताच्या कोपऱ्यातलं छोटं पोळं असेल आणि घरात कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी नसेल, तर सेवा बोलवायचीच गरज नाही. या माश्या पिल्लांना अळ्या भरवतात, कुंडीतल्या लिंबावरच्या अळ्यांसह. काही सेवा हे स्वतःहून सांगतात आणि फक्त पाहणीचे पैसे घेतात. त्यांचा नंबर जपून ठेवावा.

जागा बंद करताना एसीच्या पाइपाभोवतीची फट सिलिकॉनने, भिंतीतलं भोक सिमेंटने आणि डक्टचं तोंड ३ मिलिमीटरच्या जाळीने. फोम एकट्याने पुरत नाही, वरून सिमेंटचा हात द्यावा लागतो.