खाण, घर आणि दुकान : ग्लेस बे येथील केप ब्रेटन मायनर्स म्युझियम

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कॉशिया प्रांतात येणारे बहुतेक पर्यटक केप ब्रेटन बेटावर जातात ते कॅबट ट्रेलचा डोंगरी रस्ता आणि लुइसबर्गचा जुना फ्रेंच किल्ला पाहण्यासाठी. ग्लेस बे, न्यू वॉटरफर्ड, सिडनी माइन्स या कोळशावर उभ्या राहिलेल्या गावांकडे त्यांतले थोडेच वळतात. या गावांचा इतिहास एका जागी समजून घ्यायचा असेल, तर ग्लेस बे येथे अटलांटिकच्या काठावर असलेल्या केप ब्रेटन मायनर्स म्युझियमसारखे दुसरे ठिकाण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडाच्या शताब्दी वर्षात, म्हणजे १९६७ साली, हे संग्रहालय सुरू झाले. नीना कोहेन यांनी त्यासाठी घेतलेल्या पुढाकाराची आठवण आजही आदराने काढली जाते.

संग्रहालयाचे तीन भाग आहेत. मुख्य इमारतीत प्रदर्शन दालने आहेत, इमारतीच्या खाली पाहुण्यांसाठी मुद्दाम खोदलेली ‘ओशन डीप्स’ नावाची खाण आहे, आणि आवारात खाणकामगारांच्या वस्तीचा नमुना म्हणून कंपनीचे घर व कंपनीचे दुकान उभे केलेले आहे. लोकांना साहजिकच आधी खाणीत उतरण्याची घाई असते. माझा सल्ला मात्र असा आहे की खाण शेवटी पाहावी आणि सुरुवात दुकानापासून करावी. कोळसा खणणे हे कष्टाचे आणि जिवावरचे काम आहे, हे कोणालाही ठाऊक असते. पण माणूस जिथे राबतो ती खाण, जिथे राहतो ते घर आणि जिथून पीठ-साखर आणतो ते दुकान, या तिन्हींचा मालक एकच असला म्हणजे काय होते, ते त्या काउंटरसमोर उभे राहिल्यावर जितके नेमके कळते तितके एरवी कळत नाही.

या व्यवहाराचा सगळा अर्थ तेव्हाच्या पगारपत्रकात सापडतो. पत्रकात वर कामगाराने खणलेल्या कोळशाचा हिशेब असे आणि खाली कपातींची ओळ लागलेली असे : घराचे भाडे, घरात जाळायचा कोळसा, दुकानाची उधारी, डॉक्टर, इतकेच नव्हे तर सुरुंगाची दारूसुद्धा. ज्या कोळशावर कंपनी नफा कमावत होती तो फोडण्यासाठी लागणाऱ्या दारूचे पैसे कामगाराच्याच खिशातून जात. सगळी वजावट होऊन हातात काहीच उरत नसे अशा पत्रकाला कामगारांनी ‘बॉबटेल शीट’ असे नाव ठेवले होते, आणि दुकानाला ते उघडपणे ‘प्लक मी’, म्हणजे ‘मला ओरबाडा’, म्हणत. शेजारचे घर लहान आहे. अशी जोडघरे रांगेने बांधलेली असत, मध्ये एकच भिंत आणि दोन्ही बाजूंना भरलेली कुटुंबे. नोकरी गेली की घरही सोडावे लागणार, हे त्या भिंतींआडच्या प्रत्येकाला माहीत होते.

हे पाहिल्यावर १९२५ चा संप डोळ्यांसमोर उभा राहतो. तेव्हा खाणी आणि जवळच्या सिडनी (केप ब्रेटनमधलेच, ऑस्ट्रेलियातले नव्हे) शहराचा पोलाद कारखाना ब्रिटिश एम्पायर स्टील कॉर्पोरेशन या कंपनीच्या ताब्यात होत्या. लोक तिला बेस्को म्हणत. त्या वर्षी मार्चमध्ये कंपनीने दुकानांतली उधारी बंद केली आणि कामगार संपावर गेले. वाद चिघळत गेला, तेव्हा कंपनीने न्यू वॉटरफर्ड गावाचे पाणी आणि वीज तोडली. ११ जून १९२५ रोजी कामगारांचा मोर्चा वॉटरफर्ड लेक येथील वीजकेंद्रावर गेला, कंपनीच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि विल्यम डेव्हिस हा खाणकामगार ठार झाला. त्यानंतर लोकांचा संताप सर्वांत आधी कशावर निघाला? कंपनीच्या दुकानांवर. ती लुटली गेली, काही जाळली गेली. दुकान आधी पाहून घेतलेल्या माणसाला याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ११ जून हा दिवस त्या भागात आजही ‘डेव्हिस डे’ म्हणून पाळला जातो.

आता खाणीविषयी. हेल्मेट आणि अंगावर सैल अंगरखा चढवून खाली उतरावे लागते. भर उन्हाळ्यातही आत गारवा आणि ओल असते. काही ठिकाणी छत इतके खाली येते की सरासरी उंचीच्या माणसालाही कमरेत वाकूनच चालावे लागते, त्यामुळे पाठीचे किंवा गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी आधी चौकशी करून मगच ठरवावे. ही खाण उत्पादनासाठी खोदलेली नसली तरी तिला नुसता देखावा समजू नये. आमच्या गटाला घेऊन गेलेले गृहस्थ निवृत्त खाणकामगार होते, आणि या संग्रहालयाची खरी ताकद म्हणजे त्यांच्यासारखी माणसे. त्यांनी हातातल्या काठीने छतावर ठोकून दाखवले. आवाज टणक आला तर वरचा खडक धरून आहे आणि पोकळ आला तर तो सुटत चालला आहे, असे त्यांनी सांगितले, आणि प्रत्येकाला तोच आवाज स्वतः ऐकायला लावला. मग सुरक्षा-दिव्याकडे वळून ज्योतीचे वाचन कसे करायचे ते त्यांनी समजावले : ज्योतीवर निळसर टोपी चढली की हवेत मिथेन आहे, आणि ज्योत मंदावत गेली की प्राणवायू कमी पडतो आहे. कामावर जाणाऱ्या कोवळ्या पोरांना ही विद्या शिकावीच लागे. हवा खेळती ठेवणारी दारे कोळशाच्या डब्यांसाठी उघडायची आणि लगेच बंद करायची, एवढ्याच कामासाठी मुले तासन्‌तास अंधारात बसवलेली असत. डबे ओढायला तट्टे होती.

इथले कोळशाचे थर किनाऱ्यापासून समुद्राखाली तिरपे उतरत जातात. त्यामुळे खाणीही पाण्याखाली दूरवर गेल्या, आणि कामाच्या जागी पोहोचण्यासाठीच कामगारांना समुद्रतळाखालून बराच प्रवास करावा लागे. अपघात या इतिहासापासून वेगळे काढता येत नाहीत. १९१७ साली न्यू वॉटरफर्डच्या १२ नंबरच्या खाणीत झालेल्या स्फोटात ६५ जण गेले, आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये ग्लेस बेच्या २६ नंबरच्या खाणीतील स्फोटाने १२ जणांचा बळी घेतला. ही दुसरी घटना अजून हयात असलेल्या पिढीच्या आठवणीत आहे, त्यामुळे तिच्याविषयी प्रश्न विचारताना पाहुण्यांनी थोडे भान ठेवावे.

दालनांतला कालक्रम ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका उपयोगी पडेल. लुइसबर्गच्या किल्ल्याला कोळसा पुरवण्यासाठी फ्रेंचांनी १७२० मध्ये पोर्ट मोरियन येथे खाणकाम सुरू केले. उत्तर अमेरिकेतील पहिली व्यापारी कोळसा खाण म्हणून तिचा उल्लेख होतो. १८९३ मध्ये बॉस्टनचे हेन्री व्हिटनी यांनी डोमिनियन कोल कंपनी स्थापन केली, पुढे सिडनीला पोलाद कारखाना आला, आणि इथला कोळसा व न्यूफाउंडलंडच्या बेल आयलंडचे लोहखनिज यांची सांगड बसली. स्कॉटिश, अकेडियन (या किनाऱ्यावरचे जुने फ्रेंच वसाहतकार) आणि न्यूफाउंडलंडच्या कामगारांबरोबर युक्रेन, पोलंड, इटली, बार्बाडोस अशा ठिकाणांहून माणसे आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेल स्वस्त झाले आणि कोळशाची मागणी घटली. १९६७ मध्ये केंद्र सरकारने डेव्हको हे महामंडळ स्थापन केले ते खाणी हळूहळू मिटवून दुसरे उद्योग आणण्यासाठी. पण १९७३ च्या तेलसंकटानंतर धोरण फिरले आणि पुन्हा खाणींत पैसा ओतला गेला. शेवटी २००१ मध्ये पोलाद कारखाना आणि महामंडळाची अखेरची प्रिन्स खाण, दोन्ही संपले. ज्या वर्षी संग्रहालय उघडले त्याच वर्षी खाणी मिटवण्यासाठी महामंडळ जन्मले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. चालू उद्योगाची स्मृती जपण्याचे काम तेव्हाच हाती घेतले गेले, म्हणूनच प्रत्यक्ष काम केलेली माणसे इतकी वर्षे मार्गदर्शक म्हणून लाभली.

एक इशारा द्यायला हवा. सिडनीच्या बंदराला लागणाऱ्या जहाजांवरून निघणाऱ्या एका सहलीतून मी प्रथम येथे आलो होतो. त्या आयोजकांनी खाणीची फेरी झाल्याबरोबर सगळ्यांना बसमध्ये बसवले. घर आणि दुकान पाहायला वेळच दिला नाही. पुढे स्वतःच्या सोयीने पुन्हा आलो तेव्हा आधी काय हुकले होते ते लक्षात आले. ज्यांना शक्य आहे त्यांनी सिडनीहून स्वतंत्र गाडी करून यावे, अर्धा दिवस राखून ठेवावा आणि खाणीच्या फेरीची वेळ पोहोचताच ठरवून घ्यावी.

उन्हाळ्यात येणे जमले तर ‘मेन ऑफ द डीप्स’ या गायकवृंदाच्या कार्यक्रमाची तारीख गाठावी. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या वृंदात खाणीत काम केलेल्यांनाच प्रवेश आहे. सभागृहातले दिवे मालवले जातात आणि हेल्मेटवरचे दिवे पेटवून हे गायक आत येतात. १९७६ मध्ये त्यांनी चीनचा दौरा केला होता. त्यांच्या गाण्यातला ठसका सुरेल गळ्यांपेक्षा जगलेल्या आयुष्यातून आलेला आहे, आणि तो ऐकणाऱ्याला जाणवल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर न्यू वॉटरफर्डला जाऊन विल्यम डेव्हिस यांचे स्मारक पाहावे, आणि सिडनीत पोलाद कारखान्याच्या शुद्ध केलेल्या जमिनीवर उभे राहिलेले ओपन हार्थ पार्कही त्याच फेरीत होऊ शकते.