बेल्ट ड्रेसिंग स्प्रे: जुन्या गाडीच्या ओरडणाऱ्या पट्ट्यावर मारावा का?

वणी असो, पांढरकवडा असो की हिंगणघाट, स्पेअर पार्टच्या दुकानात हा डबा काउंटरवरच दिसतो. डायनमो, वॉटर पंप आणि एसी फिरवणाऱ्या इंजिनावरच्या रबरी पट्ट्यावर फवारा मारा, चीं-चीं बंद, एवढाच त्याचा दावा. दावा खोटा नाही, आवाज खरंच थांबतो. पण पट्टा ओरडतोय आणि त्याच वेळी गाडी ओढतही नाही, अशी तक्रार असेल तर हा डबा घेऊ नका. पैसे तर जातातच, वर खरा बिघाड झाकला जातो.

डब्यात राळेसारखा चिकट पदार्थ असतो आणि त्याला पातळ ठेवणारं, पटकन पेट घेणारं सॉल्व्हंट. सॉल्व्हंट उडून गेलं की पुलीवर चिकट थर उरतो आणि घसरणारा पट्टा तात्पुरता पकड घेतो. काळ्या मातीचा धुरळा याच थरावर बसतो, मग पुलीच्या खाचेत पॉलिश पेपर घासावा तसा तो पट्टा खात राहतो. सॉल्व्हंटनं रबर फुगतं ते वेगळंच. पट्टे बनवणारी गेट्स कंपनीसुद्धा असं ड्रेसिंग वापरू नका असंच सांगते.

निदानाला या डब्यापेक्षा साध्या पाण्याची फवारा-बाटली कितीतरी कामाची. गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा, इंजिन आयडलवर सोडा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज लगेच वाढला तर पट्टा ढिला आहे किंवा पुलीवर ओढ जास्त आहे. आवाज काही सेकंद थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. डायनमोचा (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) ब्रॅकेट किंवा त्याचे बोल्ट पाहा. पाण्यानं काहीच फरक पडला नाही तर संशय बेरिंगवर घ्या.

बेरिंग तपासायचं तर इंजिन बंद करून पट्टा उतरवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत १२ आणि १४ नंबरच्या पान्यांवर काम भागतं. डायनमोची पुली हातानं फिरवा: खरखर लागली किंवा अडकत फिरली तर बेरिंग गेलं. वॉटर पंपाची पुली वर-खाली धरून हलवा. खेळ असेल किंवा पंपाखाली कूलंटचा वाळलेला ओघळ असेल तर पंपच बदलायचा. पट्टा नसताना इंजिन चालवून ऐकायचं असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर नको. मारुती ८०० सारख्या गाडीत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, तो थांबला की इंजिन तापतं.

आता गाडी न ओढण्याबद्दल. नुसता पट्टा घसरला म्हणून इंजिनाची ताकद जात नाही. ताकद खातं ते पट्ट्यावरचं ओझं, आणि आपल्या भागात ते ओझं बहुतेक एसीचं असतं. ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन ताकदीला ३७ हॉर्सपॉवरच्या आसपास, त्यातले दोन-तीन जरी कॉम्प्रेसरनं जास्तीचे मागितले तरी चढावर लगेच कळतं. म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये एसी चालू आणि बंद करून पाहा. एसी बंद करताच आवाज थांबला आणि पिकअप परत आला, तर पट्ट्याकडे नंतर पाहू, आधी कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीचा गॅस थंड करणारी जाळी, पाहा.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाड्यांत ही भानगड हमखास सापडते. कंडेन्सर समोरून पाहिला तर स्वच्छ दिसतो. पण बंपरची जाळी काढून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत टॉर्च मारा. रुई, धूळ आणि किडे यांचा राखाडी थर तिथे गोधडीसारखा बसलेला असतो, नखानं ओढला तर पट्टीच्या पट्टी निघते. या थरामुळे गॅस थंड होत नाही, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जड फिरतो, पट्टा घसरून तापतो आणि त्याची आतली बाजू काचेसारखी चकाकते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हेच दुपटीनं जाणवतं. साफ करताना इंजिनाच्या बाजूकडून पुढे, साध्या नळीनं पाणी सोडा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेनं जाळीच्या पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. एसी लावल्यावर पंखा सुरू होतो का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

दुसरी बाजू डायनमोची. पुली लहान, तिला पट्ट्याचा विळखा कमी, म्हणून घसरण बहुधा तिथे आधी होते. मल्टिमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.४ यायला हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावून थोडी रेस दिल्यावरही १३ च्या खाली राहत असेल तर चार्जिंग कमी पडतंय. बॅटरी उतरत गेली की इंजिनाला पेट्रोल पुरवणारा विजेचा पंप आणि इग्निशन दोन्ही उपाशी राहतात. गाडी मिस मारते, दमते.

एसी बंद, व्होल्टेज ठीक, तरी ओढत नाही? मग पट्टा निर्दोष. एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, जाम ब्रेक पाहा. चौथ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नसेल तर क्लच प्लेट गेली.

स्प्रेऐवजी पैसे नव्या पट्ट्यावर घाला. ८०० चा साधा पट्टा काही शे रुपयांत येतो. रेघांच्या पट्ट्यावर ४पीके८५० असं छापलेलं असेल तर ४ रेघा आणि ८५० मिमी लांबी. जुन्या पट्ट्यावरचा आकडा जुळवूनच घ्या, ‘बसून जाईल’ यावर नको. साधा व्ही-पट्टा पुलीच्या कडेला धरतो, तळाला नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तरी झिजला किंवा पुली तरी. ताण देताना दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं साधारण १० किलोचा जोर द्या, ६ ते १० मिमी दबला पाहिजे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आवाजाच्या धास्तीनं ताठ ओढला तर डायनमो आणि पंपाचं बेरिंग खातो. नवा पट्टा थोडा ताणतो, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा दाबून बघा.

आधीच कुणी स्प्रे मारून दिला असेल तर तो पट्टा धुऊन वाचत नाही, बदलाच. आणि नवा चढवण्याआधी प्रत्येक पुलीची खाच साबणाच्या पाण्यानं, जुन्या टूथब्रशनं घासून पूर्ण कोरडी करा, नाहीतर तोच चिकटा नव्या पट्ट्याला लागतो.