धार लावायच्या स्टँडवर खर्च करायचा, तर आधी कशावर?

रुइशिन प्रोच्या धाटणीचा चिनी स्टँड असो की केएमईसारखा अमेरिकी, गणित एकच. सुरीचे पाते जबड्यात एका जागी पक्के, दगड दांडीवर, आणि दांडीचे दुसरे टोक सांध्यातून सरकणारे. सांधा वर-खाली केला की धारेचा कोन बदलतो. स्वस्त स्टँडची खडखड ऐकून कंटाळलेला माणूस शेवटी मुंबईत साकीनाक्याच्या एखाद्या वर्कशॉपच्या गाळ्यात भागाचे चित्र घेऊन उभा राहतो आणि बहुतेक वेळा नवा सांधा करून घेतो, कारण हाताला तोच ढिला लागतो. पैसे आधी जबड्यावर जायला हवेत. का, ते आकड्यांत बघा.

सांध्यापासून धारेपर्यंतचे आडवे अंतर २०० मिमी आणि कोन १५° धरला, तर दगडाची जाडी बाजूला ठेवून सांधा धारेच्या ५३.६ मिमी वर येतो. या मांडणीत कोणत्या दोषाने किती बिघडते:

| दोष | कोनातला फरक |
|---|---|
| सांध्यात ०.२ मिमी ढिल | ०.०६° हून कमी |
| सांधा १ मिमी वर किंवा खाली | सुमारे ०.२७° |
| दगड १ मिमी जाड किंवा पातळ | सुमारे ०.२८° |
| पाते ५ मिमी पुढे सरकले | सुमारे ०.३७° |
| जबड्यात पाते १° तिरके | दोन बाजूंत मिळून २° |

खडखडणारा सांधा यादीत सगळ्यात वर आहे, म्हणजे सगळ्यात निरुपद्रवी. कान फसवतात.

जबडा

उलटा फिरवता येणारा जबडा असेल तर आधी तपासणी करा, मग चित्र काढा. एक मिमी जाडीची स्टीलची सहा इंची पट्टी जबड्यात आवळा. डिजिटल अँगल क्यूब (कोन दाखवणारा चौकोनी ठोकळा) बैठकीवर शून्य करून पट्टीवर जबड्याच्या अगदी जवळ ठेवा. टोकाला ठेवलात तर त्याच्या वजनाने पट्टी वाकते. आकडा आणि उताराची दिशा टिपा, जबडा उलटवा, पुन्हा वाचा. दोन्ही वेळा पट्टी एकाच बाजूला तेवढीच उतरत असेल तर बैठक किंवा आस तिरकी आहे, जबडा नाही. उताराची दिशा उलटली तर दोष जबड्याचा, आणि दोन वाचनांतल्या फरकाचा अर्धा म्हणजे त्याचा तिरकेपणा. पाव अंशापर्यंत असेल तर नवा जबडा करण्यात अर्थ नाही. क्यूबची स्वतःची चूकच ०.१ ते ०.२° असते.

वर्कशॉपमध्ये एक घोटाळा नेहमी होतो. ‘आहे तसाच, फक्त जाड करून द्या’ म्हटले की टर्नर जबड्याचा एक ओठ, म्हणजे पाते धरणारी एक बाजू, ठोकळ्यातच पक्का ठेवतो आणि दुसरा स्क्रूने हलणारा करतो. बनवायला ते सोपे. पण स्वयंपाकघरातली सुरी पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असते. पाठ २ मिमी, धारेमागे ०.३ मिमी आणि पात्याची रुंदी ४५ मिमी असेल, तर पात्याच्या दोन गालांमध्ये, म्हणजे सपाट बाजूंमध्ये, सुमारे २.२° चा उतार असतो. एक ओठ पक्का असला की पाते त्याच गालाला चिकटून बसते आणि मधली रेषा १.१° तिरकी होते. मग एका बाजूला १४°, दुसऱ्या बाजूला १६°. मशिनिंग मायक्रॉनमध्ये अचूक, आणि धार वाकडी! दोन्ही ओठ मध्यरेषेपासून सारखेच उघडतील, असाच जबडा हवा. पुढच्या स्क्रूने आवळायचे आणि मागच्या स्क्रूने उतार जुळवायचा. मागचा स्क्रू जास्त घेतला की ओठ फक्त टोकाला धरतात, कमी घेतला की फक्त मुळाशी. दोन्हींत पाते दगडाखाली डुलते.

ओठाची जाडी हा दुसरा मुद्दा. १५° ला दगड ओठाला घासू नये म्हणून मध्यरेषेपासून ओठाची जाडी, धारेपासूनच्या अंतराच्या ०.२६८ पटीहून कमी हवी. लहान फळसुरीचे पाते ओठाबाहेर १२ मिमी येत असेल तर ही मर्यादा ३.२ मिमी, म्हणजे पाते धरून एकूण नाक (दोन्ही ओठांचे मिळून टोक) ६ मिमीच्या आत. इतक्या पातळ नाकाला ॲल्युमिनियम चालत नाही. ६०६१-टी६ या कडक ॲल्युमिनियमचा ओठसुद्धा दाबाने उघडतो, शिवाय दगड चुकून लागला की हिऱ्याच्या प्लेटचे दाणे ॲल्युमिनियमने भरतात. पातळ नाकाला एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ घ्या. फक्त मोठ्या शेफ सुऱ्याच असतील तर ॲल्युमिनियम पुरते, आणि ते करून घ्यायला स्वस्तही पडते.

एसएसच्या जबड्यात एसएसचाच स्क्रू कोरडा फिरवलात तर आटे एकमेकांत रुतून बसतात. कॉपर ग्रीसचा एक ठिपका पुरे. ॲल्युमिनियममध्ये थेट पाडलेले एम५ चे आटे रोजच्या आवळण्याने जातात. तिथे हेलिकॉइल (भोकात बसणारे स्टीलच्या तारेचे आटे) बसवायला सुरुवातीलाच सांगा, नंतर जागा उरत नाही. पकडीसाठी मास्किंग टेप लावायची तर दोन्ही ओठांना. एकाच बाजूला लावली की मध्य सरकतो.

सांधा

नागदेवीत ८ मिमीचा रॉड-एंड बेअरिंग (दांड्याच्या टोकाला भोक असलेली, कलणारी गोळी) सहज मिळतो, म्हणून सांधा बनवून घेण्यापेक्षा विकत घेणेच शहाणपणाचे. त्याच्या गोळीचे भोक एच७ (मोठा H) टॉलरन्सचे, म्हणजे मापातल्या तेवढ्याच फरकाचे असते, आणि त्यात एच६ (लहान h) टॉलरन्सची ग्राउंड दांडी अलगद सरकते. साधा ब्राइट बार घेतलात तर तो थोडा बारीक निघतो, पण वरचा तक्ता पाहता तेवढ्याने बिघडत नाही.

बिघडते ते झुकावामुळे. या मापाच्या रॉड-एंडचा झुकाव कॅटलॉगमध्ये १३ ते १४° दिलेला असतो. शँक (रॉड-एंडचा दांडा) सरळ उभी लावली तर १५° ला दांडी खाली झुकतानाच ती मर्यादा संपते, आणि लांब सुरीच्या टोकाकडे नेताना गोळी अडते. धक्का बसतो तो इथे. म्हणून शँक धरणारा ब्लॉक १५ ते १७° तिरका मिल करून घ्या आणि शँक पितळी बुशमध्ये (नळीत) मोकळी फिरू द्या. आडवे वळण बुश घेतो, गोळीकडे फक्त उंचीचा फरक उरतो. या स्टँडला करून घेण्यासारखा दुसरा भाग हा ब्लॉक.

लॅमिंग्टन रोडला थ्रीडी प्रिंटरसाठी मिळणारे एलएम८यूयू बेअरिंग इथे घालायचा मोह होतो, कारण दांडी त्यात लोण्यासारखी सरकते. दगडाचा गाळ आत गेला की त्याच्या गोळ्या खरखरायला लागतात. पाण्याचे दगड वापरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

दांडी आणि कॉलर

५०० मिमी लांबीची ८ मिमी स्टीलची दांडी सुमारे २०० ग्रॅम भरते. १० मिमी ॲल्युमिनियमची तेवढीच लांब दांडी १०६ ग्रॅमच्या आसपास, आणि ताठपणा स्टीलच्या जवळपास ८५ टक्के. तासभर हात चालवणाऱ्याला हा फरक जाणवतो. पण ॲल्युमिनियम गोळीत घासून खाचा पडतात, म्हणून हार्ड ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला कडक थर) हवे, आणि त्याचा थर साधारण निम्मा बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनच्या थराने दांडीचा व्यास ५० मायक्रॉननेच फुगतो, मग ती १० मिमी भोकाच्या गोळीतही शिरत नाही. ९.९४ मिमीला टर्न करून मगच पाठवा. इतका व्याप नको असेल तर स्टील बरे. क्रोम दांडी कापली असेल तर उघड्या टोकांना पावसाळ्याआधी तेल किंवा रंग लावा. मुंबईत गंज तिथूनच चढतो.

स्टॉप कॉलरला (दांडीची धाव अडवणाऱ्या कड्याला) ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) नको. तो दांडीवर बर, म्हणजे धातूची टोचरी कड, उठवतो आणि मग कॉलरच काय, गोळीही तिथून पुढे जात नाही. चीर देऊन आवळणारा कॉलर करून घ्या. उंचीच्या स्क्रूला एम८ चे नेहमीचे १.२५ मिमी पिच (आट्यांमधले अंतर) घेतले तर एका फेऱ्यात सुमारे ०.३३° बदलतो, म्हणजे पाव फेऱ्यात ०.०८°. घरच्या कामाला याहून बारीक पिच कशाला?

बैठक

इथे मशिनिंगच नको. ३०० × १५० × १० मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट साडेतीन किलो भरते आणि जुलैत गंजते. ओट्याचे काम करणाऱ्याकडून ३०० × ३०० × १८ मिमीचा ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. तो साडेचार किलोच्या आसपास भरतो, गंजत नाही, आणि खाली रबर चिकटवले की हलत नाही. भोके त्याच्याकडूनच पाडून घ्या.

लेथ, व्हीएमसी की वायरकट

कॉलर आणि बुश ही लेथची कामे. तिरका ब्लॉक साध्या मिलिंगवर होतो. जबड्यासाठी मात्र व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन) किंवा वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणारे मशीन) बघा, कारण दोन्ही ओठ एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे मशीनवर एकदाच बांधून, कापले गेले तरच ते सारखे येतात. एका नगाचा दर अंगावर येतो, पण तो धातूचा नसून सेटिंगचा असतो. चार-पाच जणांनी मिळून ऑर्डर दिली की दर बराच खाली येतो. एसएसचे तुकडे गुलालवाडीत वजनावर मिळतात. स्वतः नेऊन दिलेत तर कोणता ग्रेड वापरला यावर वाद उरत नाही.

चित्रात सगळी मापे मिमीमध्ये लिहा. जुने कारागीर सूत बोलतात, आणि एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, ‘तीन मिमी’ला ‘एक सूत’ समजले की नाक जाड होऊन येते. टॉलरन्स जिथे लागतो तिथेच मागा: ओठांची समांतरता ०.०५ मिमी, बुशचे भोक एच७, बाकी सगळीकडे ±०.२ चालते. सर्वत्र ०.०१ लिहिलेत तर एकतर दर दुप्पट सांगतील किंवा कोणी मोजणारच नाही.

स्टँडचा उभा खांबच बोटाने ढकलल्यावर वाकत असेल तर यातले काहीही करू नका. त्यावर नवा जबडा, ब्लॉक, कॉलर चढवत गेलात तर खर्च फिरत्या जबड्याच्या चांगल्या तयार स्टँडजवळ जातो आणि खांब तोच पातळ राहतो. घरात मुख्य काम विळीचे असेल तरी हेच. तिचे वाकडे, पाटाला ठोकलेले पाते यातल्या कुठल्याच जबड्यात बसत नाही.

माल ताब्यात घेताना दांडी, ती सहा इंची पट्टी आणि क्यूब बरोबर न्या. पट्टी आवळून दोन्ही बाजूंची वाचने गाळ्यातच घ्या, दांडी बुश बसवलेल्या ब्लॉकवरच्या सांध्यातून दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, आणि उरलेले पैसे त्यानंतर द्या.