डिकॅफच्या नावाखाली १९ कप साधी कॉफी : सोलापूरकरांनो, जपून

सात रस्त्यापासून फार लांब नसलेल्या एका नव्या कॉफी शॉपने माझ्या गरोदर लेकीला साडेतीन आठवडे डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी, म्हणून साधी कॉफी पाजली आणि त्याचे कपामागे ५० रुपये जादा घेतले. पाजली त्यांनी, पण नेऊन दिली मी. जवळजवळ रोज संध्याकाळी, माझ्या हाताने, थंड होऊ नये म्हणून पदराखाली धरून. दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रार दाखल आहे आणि ओळखीच्या वकिलांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलंय. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

लेक पुण्याला नोकरीला. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी घरी आली. तिला कॉफी लागते, ती आमच्या चाळीतल्या कन्नड मावशींमुळे. त्यांच्या घरी पहाटे पितळी फिल्टरमधून ठिबकणाऱ्या कॉफीच्या वासावर ती वाढली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गरोदरपणात दिवसाचं कॅफिन, म्हणजे कॉफीतला तरतरी आणणारा घटक, २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, पण हिची धडधड बघता कॉफी बंदच केलेली बरी, फार वाटलंच तर डिकॅफ. हिने मुकाट्याने बंद केली. आठ दिवस चहासुद्धा नाही. नवव्या दिवशी भाजी आणायला गेले तेव्हा त्या दुकानाबाहेरचा फलक दिसला, 'डिकॅफ उपलब्ध'. मला केवढा आनंद झाला होता!

कॅपुचिनो १६० रुपये, डिकॅफचे जादा ५०, त्यावर ५ टक्के जीएसटी. एक कप २२० रुपये ५० पैशांना. आमच्यासारख्या पेन्शनवरच्या घराला हे जड आहे. पण मुलगी माहेरी आलीये, तेव्हा हात आखडता घेत नाही कुणी. रोज येणार म्हटल्यावर मॅनेजरने कार्ड काढायला लावलं. ५,००० भरा, ५,५०० ची कॉफी प्या. मी भरले. आधी पैसे भरून घेणाऱ्या कुठल्याही दुकानात, जिमपासून पार्लरपर्यंत, कुणी भरू नका. एकदा पैसे त्यांच्याकडे गेले की तुमच्याशी बोलायची त्यांची रीत बदलते.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं, तो सांगते. रात्र रात्र तोच डोळ्यांसमोर येतो.

पहिलाच दिवस. माझ्या पुढे कॉलेजची दोन मुलं होती. त्यांची साधी कॉफी झाली. काउंटरवर बिया दळायचं यंत्र एकच. वर बियांनी भरलेलं एकच पारदर्शक भांडं. मुलाने त्यांच्यासाठी ज्यातून दळलं, त्यातूनच माझ्यासाठी दळलं. मी हे पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं आणि विचारलंसुद्धा, "डिकॅफचं वेगळं असतं ना रे?" तो मुलगा गडबडला, मॅनेजरकडे बघायला लागला. मॅनेजर हसत पुढे आला आणि म्हणाला, "काकू, आपल्या मशीनमध्ये सेटिंग आहे. बटण दाबलं की कॅफिन कट होतं." आणि त्याने एक बटण दाबून दाखवलं. हिरवा दिवा लागला.

मी ३१ वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलंय. द्रावण, द्रावक, द्राव्य हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! कॅफिन काढतात ते कच्च्या, हिरव्या बियांतून, भाजण्याच्या आधी, कारखान्यात. पाण्याने, नाहीतर दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने, नाहीतर इथाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकाने. एकदा बी भाजून दळून मशीनमध्ये आली की कुठलंही बटण त्यातलं कॅफिन वेगळं काढू शकत नाही. हे मला समजायला दहा सेकंदं पुरली असती. पण मागे रांग होती, मुलं मोबाइलवरून मान वर करून बघत होती, आणि साठी उलटलेल्या बाईने नव्या मशीनबद्दल शंका काढली की लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे. मी गप्प बसले. पैसे दिले, कप घेतला, निघाले.

म्हणून पहिलं सांगणं हे : डिकॅफ देणाऱ्या दुकानात त्याच्या बिया वेगळ्या असतात आणि दळण्याची सोयही वेगळी असते, नाहीतर ते सीलबंद पुडी तुमच्यासमोर फोडतात. पुडी दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर तिथून निघा, रांग कितीही असो.

चवीवरून कसं कळलं नाही, असं माझ्या जाऊबाईंनी विचारलं. चवीवरून कळत नाही. चांगलं डिकॅफ आणि साधी कॉफी दूध-साखरेत डोळे मिटून ओळखून दाखवा आणि मग मला बोला. लक्षणांवरून कळायला हवं होतं, हे मात्र मी मान्य करते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून लेकीची झोप उडाली. पहाटे दोनला उठून बसायची, छातीवर हात ठेवून. मी म्हणायचे, दिवस भरत आलेत, असं होतं, डाव्या कुशीवर झोप. नंतर डॉक्टरांनी समजावलं की एरवी शरीरातलं निम्मं कॅफिन साधारण ५ तासांत निघून जातं, पण शेवटच्या तिमाहीत त्याला जवळपास तिप्पट वेळ लागतो. म्हणजे संध्याकाळी सहाला मी दिलेला कप दुसऱ्या दिवशी सकाळीही तिच्या अंगात होता. त्यावर पुन्हा दुसरा कप. एका साध्या कॅपुचिनोत कॉफीचा अर्क दुहेरी (डबल शॉट) असेल तर शंभराच्या वर मिलिग्रॅम कॅफिन पोटात जातं. मी मोजत होते शून्य.

मध्येच एक पुडाही घेतला, तो वेगळाच संताप. घरी करून देता येईल म्हणून पावडर मागितली, तर मॅनेजरने काउंटरखालून खाकी कागदाचा पुडा काढला. २५० ग्रॅम, ८५० रुपये. त्यावर छापील काही नाही. ना कंपनी, ना तारीख, ना अन्न परवान्याचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक. पेनाने 'डिकॅफ' एवढंच. आणि हे पैसे कार्डातून नाही, त्याच्या मोबाइलवरच्या क्यूआरवर. नाव आलं ते कुणा माणसाचं, दुकानाचं नाही. बिल नाही. दुकानाचा क्यूआर भिंतीवर असताना कुणी खिशातला मोबाइल पुढे करत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

उलगडा झाला तो योगायोगाने. विसाव्या कपाला गेले तेव्हा मॅनेजर नव्हता. काउंटरवर नवा पोरगा. नेहमीसारखं डिकॅफ मागितलं तर तो सरळ म्हणाला, "मॅडम, तसलं काही येत नाही की हो आपल्याकडं. मी आल्यापासनं तर कधीच आलेलं नाही." मी फलक दाखवला. तो म्हणाला, "ते सरांनी लावलंय. दुसरीकडचं बघून." त्या पोराला मी मनापासून दुवा देते. पंधरा दिवसांनी तो तिथे दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला गाठलं. आधी म्हणाला नवा आहे, त्याला माहीत नाही. मग डिकॅफच्या बिया दाखव म्हटल्यावर आजच संपल्या. मागवल्याचं बिल दाखव म्हटल्यावर ते हेड ऑफिसला. पुड्याचं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "काकू, त्यात चिकोरी मिक्स आहे. चिकोरीत कॅफिन नसतं. म्हणजे डिकॅफच झालं की." चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड. तिच्यात कॅफिन नसतं हे खरं. पण कॉफी-चिकोरी मिश्रणात नियमाने निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि किती टक्के काय, ते पाकिटावर छापावं लागतं. आणि डिकॅफ म्हणून विकायची भाजलेली कॉफी असेल तर तिच्यात कॅफिन ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. अर्धी चिकोरी घालून ते होत नाही. हे सगळं मी घरी येऊन वाचलं. तिथे उभी होते तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. मोबाइल हातात होता आणि त्याचं बोलणं टिपून घ्यायचं सुचलं नाही.

मी मागितले ३,१५८ रुपये. १९ कपांवरचे डिकॅफचे जादा, जीएसटीसह, ९९७ रुपये ५० पैसे. कार्डातली शिल्लक १,३१० रुपये ५० पैसे. पुड्याचे ८५०. एक पैसा वाढवून सांगितला नाही. तो म्हणाला, कार्डाचे पैसे परत मिळत नाहीत, पुड्याचा दुकानाशी संबंध नाही, आणि तुम्ही जुन्या कस्टमर म्हणून दोन कॉफी फ्री देतो. माझ्या मुलीला पुन्हा तीच कॉफी, फुकट!

पोलीस चौकीत गेले. तिथला माणूस म्हणाला, "बाई, कॉफी मागितली, कॉफी मिळाली. गुन्हा काय लिहू?" मागून हसण्याचा आवाज आला. त्यांच्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, एवढ्यासाठी कशाला त्रास घेता?" त्याने आपुलकीनेच विचारलं असेल. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

मग अन्नपदार्थांच्या तक्रारी घेणारं सरकारी कार्यालय. रिक्षाचे जाऊन-येऊन २४०. पहिल्या दिवशी साहेब फिरतीवर. दुसऱ्या दिवशी मीटिंग. तिसऱ्या दिवशी, मार्चच्या उन्हात, सव्वा तास बाकावर बसवून त्यांनी विचारलं, "त्यात झुरळ वगैरे निघालं का? विषबाधा? कुणी अ‍ॅडमिट?" नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणजे काही वाईट झालं असतं तर कागद पुढे सरकला असता! गरोदर बाईची रात्र रात्रभर होणारी धडधड त्यांच्या फॉर्मवर कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मी बिलं पुढे केली. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, बिलावर 'कॅपुचिनो' आणि 'अ‍ॅड ऑन ५०'. डिकॅफ हा शब्द एकोणीसपैकी एकाही बिलावर नाही. मी एकदाही वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा. जे मागितलं ते बिलावर अक्षरात लिहून घ्या, आणि परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे का तेही बघा. २०२२ च्या जानेवारीपासून तो बिलावर असणं बंधनकारक आहे.

कलम ४० मला तिथे कुणी सांगितलं नाही, वकिलांनी सांगितलं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. आपण साधे ग्राहकही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं, हे मी तपासायला देणार आहे. माझा पुडा महिन्यापूर्वीचा, त्याचा उपयोग शून्य. म्हणून मी पुन्हा गेले, भाच्याला सोबत घेऊन. स्पष्ट सांगितलं की एक डिकॅफ द्या, तपासायला देणार आहे. मॅनेजर म्हणाला, "आज डिकॅफ संपलंय."

साडेतीन आठवड्यांत एक दिवस संपलं नव्हतं.

हे घेऊन चौथ्यांदा त्याच कार्यालयात गेले, तर नमुनाच नाही तर आम्ही काय तपासणार, असं उत्तर. अहो, त्यांनी द्यायला नकार दिला म्हणूनच तर तुमच्याकडे आले! फलक बाहेर लावलेला आहे, स्वतः जाऊन बघा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला याच कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाखांपर्यंत दंड आहे, मी कलम वाचून दाखवलं. त्यावर, "लेखी देऊन ठेवा." दिलं. पोच मागितली तर शिक्का मारणारी बाई रजेवर. मी पोच घेतल्याशिवाय उठले नाही. पावणेपाचपर्यंत बसून राहिले.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत असते, त्यामुळे लाजून घरी बसू नका. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर आहे. "तीन हजारांसाठी एवढं?" असं मला सख्ख्या भावाने विचारलं. त्यालाही हेच उत्तर दिलं, तीन हजारांसाठी नाही. डॉक्टरांनी बंद केलेली गोष्ट कुणी चालणारी म्हणून विकली, तर उद्या मधुमेहाच्या माणसाला बिनसाखरेचं म्हणून काय विकतील?

लेक एप्रिलमध्ये सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. कॉफी बंद केल्यावर चौथ्या रात्री लेक सलग सहा तास झोपली होती. त्या रात्री मी जागी होते.

खाकी पुडा दोरा बांधून, तारीख लिहून स्टीलच्या डब्यात ठेवलाय. काल संध्याकाळी त्या दुकानावरून गेले. 'डिकॅफ उपलब्ध'चा फलक तिथेच आहे. आता जादा ६० रुपये घेतात.